खेळ कोणाचा? रचणाऱ्याचा की घडविणाऱ्याचा?

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगविणाऱ्या कारागिरांचे काम पाहावयास दूरदूरचे प्रवासी येतात. गोल पान, त्यावरील लाखेची चकाकी, मत्स्यापासून कल्कीपर्यंतच्या दहा अवतारांची चित्रे या साऱ्याचे कौतुक होते. एखादा संच विकत घेतला जातो आणि घरी गेल्यावर तो काचेच्या कपाटात विराजमान होतो. तो संच मुळात खेळण्यासाठी आहे, त्याला नियम आहेत, त्यात डाव-प्रतिडाव आहेत, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. सावंतवाडीच्या राजघराण्याने, विशेषतः शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी, लयाला चाललेली ही कला गेल्या शतकात पुन्हा उभी केली, हे त्यांचे मोठेच उपकार होत. परंतु उभी राहिली ती चित्रकला. खेळ तिच्याबरोबर परत आला नाही. पान उरले आणि डाव हरपला.

या घटनेचा संबंध एका अगदी आजच्या वादाशी पोहोचतो. मालवण, कुडाळ, कणकवलीच्या घराघरांतून मुले आज ज्या व्हिडिओ गेममध्ये गढून गेलेली दिसतात, ते खेळ नेमके घडवितो कोण? संगणकाची आज्ञावली लिहिणारा प्रोग्रॅमर की खेळाची कल्पना आणि नियम ठरविणारा डिझायनर? या दोघांत अधिक महत्त्वाचा कोण, हा वाद त्या धंद्यात धंदा जन्मल्यापासून चालत आला आहे. बाहेरच्याला तो पोरखेळाचा वाटेल. वस्तुतः कल्पना आणि कृती यांच्यामध्ये श्रेय कसे वाटावे, मोबदला कसा वाटावा आणि मुलांना काय शिकवावे, असे तीन गंभीर प्रश्न या एका वादात गुंतलेले आहेत. चित्रकलेत रमणाऱ्या मुलाचे काय होणार, अशी चिंता करणाऱ्या पालकालाही या वादाचे उत्तर हवेच आहे.

रचना म्हणजे चित्र नव्हे

या चर्चेत पहिला घोटाळा शब्दाचा होतो. डिझायनर म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर चित्रे काढणारा माणूस उभा राहतो. खेळाच्या धंद्यात मात्र हा शब्द प्रथमतः नियम रचणाऱ्याला लागू पडतो. खेळाडूने काय करावयाचे, त्याला कशाचा धोका, कशाचा लाभ, डाव केव्हा सोपा आणि केव्हा अवघड व्हावयाचा, हे तो ठरवितो. चित्रकार वेगळा, आज्ञावलीकार वेगळा. लहानशा खेळात तिघांची कामे एकच माणूस करील. मोठ्या खेळात एकेका कामावर शेकडो माणसे असतील. परंतु ही कामे मुळात तीन आहेत, हे ध्यानात ठेवावयास हवे.

गंजिफा घेऊन पाहिल्यास ही गोष्ट चटकन उमगते. दशावतारी गंजिफेत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहिल्यापर्यंतची दहा पाने, मिळून 120 पाने असतात. निम्म्या रंगांत दहिला वरचढ आणि एक्का सर्वांत हलका, तर उरलेल्या निम्म्या रंगांत प्रधानानंतर एक्क्याचा मान आणि दहिला तळाला. खेळ दिवसा असेल तर रामाच्या रंगाने आरंभ करावयाचा, रात्री असेल तर कृष्णाच्या. पडून गेलेली पाने ज्याच्या ध्यानात राहतील तो जिंकणार. आता रंगांचा क्रम निम्म्यावर उलटा करण्याची युक्ती ज्याला सुचली, त्याने एकही चित्र काढले नसेल. परंतु सवयीने खेळणाऱ्याला पदोपदी थांबून विचार करावयास लावणारी ती युक्ती हीच या खेळाची खरी रचना होय. त्या माणसाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही.

चिताऱ्याचे कामही निव्वळ शोभेचे नाही. कागद वा कापड चिंचोक्याच्या खळीने एकावर एक चिकटवून पान कडक करावयाचे, त्यावर पांढरा लेप देऊन ते घोटावयाचे, मग रंग आणि शेवटी लाख. पान गोल असल्यामुळे त्याला वरची बाजू आणि खालची बाजू नाही. हातात कसेही आले तरी चालते. प्रत्येक अवताराची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची असल्यामुळे चिन्ह नीट दिसण्यापूर्वीच पानाची जात कळते. म्हणजे येथे चित्र नियमाची चाकरी करते, आणि चाकरी करतानाही देखणे राहते.

मग गंजिफेतील प्रोग्रॅमर कोण? तेथे तो नाही, कारण त्याची गरज नव्हती. नियम पाळले जातात की नाही हे पाहण्याचे काम तीन खेळाडू स्वतःच करीत. मत्स्याचा रंग आला असता कोणी भलतेच पान टाकले तर उरलेले दोघे त्याचा हात धरीत. व्हिडिओ गेममध्ये हे पंचाचे काम यंत्राकडे गेले. यंत्राला समजूत नाही, मुरवत नाही, आणि जे सांगितलेले नाही ते त्याला ठाऊक नाही. तेव्हा प्रत्येक नियम, प्रत्येक अपवाद आणि प्रत्येक संभाव्य गोंधळ आधी ओळखून यंत्राला शब्दशः सांगणे भाग पडते. हे सांगणारा तो आज्ञावलीकार. खेळाच्या हजारो वर्षांच्या इतिहासात हा माणूस सर्वांत नवा आहे, आणि त्याच्याशिवाय या नव्या जातीचा खेळ एक पाऊलही टाकू शकत नाही.

घडविणाऱ्याच्या हातून झालेली रचना

आज्ञावलीकार म्हणजे दुसऱ्याची कल्पना उतरवून घेणारा लेखनिक, अशी समजूत करून घेणे मात्र चुकीचे ठरेल. या धंद्याचा आरंभकाळच त्याविरुद्ध साक्ष देतो. 1972 साली अटारी या अमेरिकन कंपनीचा 'पाँग' हा टेनिसचा खेळ आला. कंपनीचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी हे काम ॲलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याला सरावाचे म्हणून दिले होते. त्या यंत्रात आज्ञावली अशी नव्हतीच. साराच खेळ विद्युत्मंडलांतून बांधलेला होता. परंतु चेंडू फळीच्या मध्यावर आदळला तर सरळ आणि कडेला आदळला तर तिरपा जावा, तसेच खेळ लांबला की चेंडूचा वेग वाढावा, या योजना अल्कॉर्न यांच्याच. फळ्या पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोहोचत नसत. तो मंडलातील दोष होता. पण त्यामुळे कोणताच खेळाडू अजिंक्य राहत नाही हे पाहून त्यांनी तो तसाच ठेवला. 'पाँग'ची गोडी यांतूनच आली.

1978 साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ जवळजवळ एकट्याने घडविला. कल्पना त्यांची, चित्रे त्यांची, आज्ञावली त्यांची, इतकेच काय, यंत्राची जुळणीही त्यांचीच. पडद्यावर शत्रूंच्या रांगा असल्या की यंत्राचा वेग मंदावे. खेळाडूने शत्रू मारीत आणले की यंत्रावरील भार कमी होऊन उरलेले शत्रू आपोआप वेगाने सरकू लागत. निशिकादो यांनी हा प्रकार सुधारला नाही. शेवटचा शत्रू सर्वांत चपळ, ही त्या खेळातील उत्कंठा यंत्राच्या दुबळेपणाने निर्माण केलेली आहे. कागदावर बसून नियम आखणाऱ्याला ती सुचली असती असे म्हणवत नाही. हाताला काम लागल्यावर सुचणाऱ्या गोष्टी निराळ्या असतात. सुतार, गवंडी आणि होडी बांधणारा यांना हे सांगावे लागत नाही.

केवळ कल्पनेच्या बळावर

दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच सबळ आहे. 1980 साली नामको कंपनीचा 'पॅक-मॅन' आला. त्याचे जनक तोरू इवातानी हे आज्ञावलीकार नव्हते. त्या काळचे बहुतेक खेळ गोळीबाराचे, आणि ते खेळण्याची ठिकाणे केवळ पुरुषांनी भरलेली. तरुणींनाही तेथे यावेसे वाटावे, म्हणून त्यांनी मारण्याऐवजी खाण्याची कल्पना धरली. पाठलाग करणारी चार भुते, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा: एक सरळ मागे लागणारे, दुसरे पुढे जाऊन वाट अडवू पाहणारे. ही भुते पडद्यावर स्वभावाप्रमाणे वागू लागली ती शिगेओ फुनाकी या आज्ञावलीकाराच्या कामामुळे. परंतु त्यांना स्वभाव असावा, हा विचार इवातानी यांचा. तंत्राच्या दृष्टीने 'पॅक-मॅन'च्या तोडीचे खेळ त्याच वर्षात अनेक असतील; लोकांच्या स्मरणात राहिला तो हा.

रशियातील अलेक्सेई पाजित्नोव यांचा 'टेट्रिस' हे याहूनही बोलके उदाहरण होय. 1984-85 च्या सुमारास त्यांनी तो ज्या यंत्रावर प्रथम मांडला, त्या यंत्राला चित्रे काढताच येत नसत; अक्षरांतील कंस जुळवून त्यांनी ठोकळे दाखविले. म्हणजे चित्रकला शून्य, आज्ञावली लहानशी. तरीही वरून पडणारे चार-चार चौकोनांचे ठोकळे रिकामी जागा न ठेवता बसवावयाचे, ही कल्पना इतकी पक्की होती की पुढे जगातील जवळपास प्रत्येक यंत्रावर तो खेळ उतरला. उतरविणारे हात शेकडो होते. प्रत्येकाने आज्ञावली नव्याने लिहिली. कल्पना मात्र जागची हलली नाही. पाजित्नोव स्वतः पेशाने संगणकाचे संशोधक होते, हे येथे विसरता कामा नये. यंत्राला काय जमेल आणि काय जमणार नाही याची जाण त्यांच्या कल्पनेत आधीच मुरलेली होती.

नाव आणि दाम

महत्त्व ठरविण्याचा हा वाद पुष्कळदा तत्त्वचर्चेतून सुरू होत नाही. तो पगारपत्रकावरून सुरू होतो. 1977 साली अटारीने घरी खेळावयाचे जे यंत्र काढले, त्यातील स्मृती अवघी 128 बाइटची होती. इतक्या चिंचोळ्या जागेत खेळ बसविणारा आज्ञावलीकार हाच नियमकार, हाच चित्रकार आणि हाच ध्वनिकार असे. तरीही खेळाच्या खोक्यावर त्याचे नाव छापले जात नसे आणि विक्री वाढली तरी पगार तोच राही. वॉरेन रॉबिनेट या आज्ञावलीकाराने आपल्या 'ॲडव्हेंचर' या खेळात एक गुप्त खोली करून तीत स्वतःचे नाव लिहून ठेवले. कंपनीला ते पुढे बाहेरच्या खेळाडूकडून कळले. 1979 साली डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लन, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड या चौघांनी अटारी सोडून 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी स्थापण्यात पुढाकार घेतला. तिच्या खेळांबरोबर तो घडविणाऱ्याचे नाव ठळकपणे छापण्यात येऊ लागले. लेखकाचे नाव पुस्तकावर असते, मग खेळ घडविणाऱ्याचे खेळावर का नसावे, हा त्यांचा सवाल बिनतोड होता.

याउलट प्रकार 1981 च्या 'डाँकी काँग'चा. त्याचे रचनाकार शिगेरू मियामोटो औद्योगिक रचनेचे शिक्षण घेतलेले. आज्ञावली लिहिणे हे त्यांचे काम नव्हे. निंटेन्डो कंपनीने आज्ञावलीचे काम इकेगामी त्सुशिन्की या दुसऱ्या कंपनीकडून करवून घेतले. पुढे त्या आज्ञावलीच्या हक्कावरून दोन्ही कंपन्या न्यायालयात गेल्या. आज मियामोटो यांचे नाव जगभर शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती आज्ञावली ज्यांनी रात्रंदिवस खपून लिहिली त्यांची नावे मात्र फारच थोड्यांना सांगता येतील. अटारीत आज्ञावलीकारावर अन्याय झाला तो रचनाकार म्हणून त्याला न ओळखल्यामुळे. येथे झाला तो रचनाकाराच्या तेजात त्याला झाकून टाकल्यामुळे.

रापणीचा हिशेब

अर्थशास्त्राने या प्रश्नाकडे दोन बाजूंनी पाहिले आहे. पहिली बाजू समजण्यास मालवणच्या किनाऱ्यावरची रापण पुरेशी आहे. होडीतून अर्धवर्तुळात जाळे सोडले जाते आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून माणसांच्या दोन रांगा ओढीत आणतात. पाण्याचा रंग आणि पाखरांची घिरटी पाहून जाळे कधी आणि कोठे टाकावयाचे हे ठरविणारा अनुभवी डोळा एक; ओढणारे हात अनेक. आता बांगड्याची रास वाळूत पडल्यावर कोणता मासा कोणाच्या ओढीने आला, हे सांगता येईल काय? 1972 साली आर्मेन अल्चियन आणि हॅरोल्ड डेम्सेट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या गाजलेल्या निबंधात हाच मुद्दा मांडला. दोघे मिळून जड बोजा गाडीत चढवितात तेव्हा प्रत्येकाने किती चढविला, हे एकूण कामाकडे पाहून वेगळे काढता येत नाही. रापणकरांनी या प्रश्नावर व्यवहारी तोड काढली. जाळ्याचा वाटा, मेहनतीचा वाटा असे वाटे रूढीने आधीच ठरलेले असतात. वाटा म्हणजे महत्त्वाचे मोजमाप, असा त्यांचा दावा नसतो. उद्या पुन्हा सर्वांनी दोरीला हात लावावा, यासाठी केलेला तो करार असतो.

दुसरी बाजू मायकेल क्रेमर यांनी 1993 साली दाखविली. 1986 साली चॅलेंजर हे अवकाशयान एका रबरी कड्याच्या दोषामुळे कोसळले. हजारो भाग निर्दोष असूनही एकाने घात केला. अशा कामांत प्रत्येकाच्या गुणवत्तेची बेरीज होत नाही, गुणाकार होतो, असे क्रेमर यांचे प्रतिपादन. व्हिडिओ गेम हे याच जातीचे काम आहे. नियम दहापैकी नऊ गुणांचे आणि आज्ञावलीही नऊ गुणांची असेल तर फळ शंभरात 81. नियम नऊचे आणि आज्ञावली दोनची असेल तर फळ 18. तेथे नियमकाराने नवाचे दहा करूनही खेळ 20 च्या पुढे सरकत नाही. मोबाइलवर मध्येच बंद पडणारा सुंदर खेळ आणि अखंड चालणारा कंटाळवाणा खेळ, दोन्ही सारख्याच वेगाने पुसून टाकले जातात. गुणाकारात कोणता अंक मोठा, या प्रश्नाला अर्थ आहे. कोणता अंक आवश्यक, या प्रश्नाला नाही.

मग एकाला अधिक पगार आणि दुसऱ्याला कमी, असे का? कारण किंमत महत्त्वावर ठरत नसून दुर्मिळतेवर ठरते. पाण्यावाचून जीव जातो, तरी पाणी स्वस्त आणि हिरा महाग, हे कोडे ॲडम स्मिथ यांनी 1776 सालीच नोंदविले होते. 128 बाइटांत खेळ बसविणारा माणूस विरळा होता तेव्हा आज्ञावलीकार हा हिरा होता. पुढे 'अनरियल' आणि 'युनिटी' यांसारखी तयार इंजिने निघाली. पडद्यावर वस्तू कशी पडते, उजेड कसा पसरतो, दोन वस्तू आदळल्यावर काय होते, हे प्रत्येक वेळी नव्याने लिहिण्याची गरज उरली नाही. आता तर यंत्रेच आज्ञावलीचे आणि चित्रांचे कच्चे खर्डे लिहून देऊ लागली आहेत. जे काम यंत्र करू लागते त्याची दुर्मिळता घटते, आणि काय करावे व काय करू नये हे ठरविणारी बुद्धी महाग होते. आजच्या पगारावरून 'अमुक श्रेष्ठ' असा निकाल देणारा पालक हिऱ्या-पाण्याच्या कोड्यात फसतो. कारण मूल शिकून बाहेर पडेपर्यंत हिरे आणि पाणी यांची जागा बदललेली असण्याचा संभव आहे.

ट्रिकसीनचा धडा

या समतोलाची परीक्षा सिंधुदुर्गातील रसिक आपल्या जत्रांतून वर्षानुवर्षे घेत आला आहे. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, पात्रे ठरतात आणि संवाद रंगमंचावर जागच्या जागी उभे राहतात. पखवाज आणि हार्मोनियम त्यांना धरून चालतात. येथे रचणारा आणि घडविणारा एकाच अंगात नांदतो. अलीकडे 'ट्रिकसीनयुक्त' नाटकांचा बोलबाला झाला. उजेड, धूर आणि चमत्कार यांनी प्रेक्षक दिपतो, हे खरे. उत्तम नटाच्या हाती ही साधने आख्यानाला उठाव देतात, हेही खरे. परंतु ज्या प्रयोगात चमत्कारांसाठी आख्यान जुळविले जाते, तेथे पहाटेपर्यंत प्रेक्षक जागा ठेवणे कठीण होते. जगातील व्हिडिओ गेमच्या बाजारातही अफाट खर्चाचे, डोळे दिपविणारे आणि तरीही आठवड्यात विसरले जाणारे खेळ दरवर्षी निघत असतात. तंत्राला सांगण्यासारखे काही नसले म्हणजे असे होते. उलट, आख्यान उत्तम पण नटाला ताल सांभाळता येत नाही, अशी रात्रही जत्रेत कोणी सहन करीत नाही.

सिंधुदुर्गापुढील प्रश्न

हा सारा विचार या जिल्ह्याला का करावयाचा? कोकण विभागीय मंडळाचा निकाल राज्यात सर्वाधिक लागणे, हे आता नित्याचे झाले आहे. गुणपत्रिका घेऊन मुले मुंबई-पुण्याची वाट धरतात. एके काळी येथील घरे चाकरमान्याच्या मनीऑर्डरवर चालत. आज मनीऑर्डर गेली आणि पैसे मोबाइलवरून येऊ लागले, एवढाच फरक झाला. गणितात चमकलेल्या मुलाला संगणकाकडे ढकलावयाचे आणि चित्रात रमणाऱ्या मुलाविषयी हळहळावयाचे, ही रीत अद्याप सुटलेली नाही. दोघांची गाठ एका वर्गात पडावी, अशी सोय तर नाहीच.

दरम्यान राज्यकर्त्यांनी या धंद्याकडे लक्ष वळविले आहे. केंद्राने 2022-23 च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रासाठी कृतिगटाची घोषणा केली. 2025 साली महाराष्ट्र मंत्रिमंडळाने याच क्षेत्राचे धोरण मंजूर केले. त्याच वर्षी संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा केला. हा भेद पालकांनी समजून घ्यावा. जुगार वेगळा आणि खेळ घडविण्याचा उद्योग वेगळा.

उद्योग आला तरी त्यात आपली जागा कोणती, हा खरा प्रश्न आहे. 1997 साली बंगळूरमध्ये राजेश राव यांनी स्थापन केलेल्या 'ध्रुव इंटरॅक्टिव्ह'ने परदेशी खेळांसाठी चित्रे आणि आकृत्या करून देण्यात मोठा लौकिक मिळविला. शेकडो तरुणांना काम मिळाले, कसब मिळाले. परंतु खेळ दुसऱ्याचे, नियम दुसऱ्याचे आणि मालकीही दुसऱ्याची. 2019 मध्ये ती कंपनीच अमेरिकन खेळ-कंपनीच्या ताब्यात गेली. उत्तम चितारी आणि उत्तम आज्ञावलीकार दोन्ही असूनही रचना परकी राहिली, तर वाट्याला मजुरी येते. रापणीच्या भाषेत सांगावयाचे तर दोरी ओढण्याचा वाटा मिळतो, जाळ्याचा मिळत नाही.

दुसरी वाट पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या मंडळींनी दाखविली. त्यांचा 'राजी' हा खेळ 2020 साली प्रसिद्ध झाला. अविचल सिंग यांची खेळरचना आणि श्रुती घोष यांचे कलादिग्दर्शन. पहाडी लघुचित्रांचा वारसा सांगणारी दृश्ये. कथा सांगण्यासाठी छायाबाहुल्यांचे रूप. आणि हे सारे तयार 'अनरियल' इंजिनावर उभे केलेले. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स' या आंतरराष्ट्रीय पारितोषिकांत पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांच्या यादीत त्याचे नामांकन झाले. कल्पना, चित्र आणि आज्ञावली एका छपराखाली आल्यावर मोजकी माणसे काय करू शकतात, याचा हा पुरावा होय. छायाबाहुल्यांसाठी तर सिंधुदुर्गाला कोठे जावयासही नको. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. परशुराम गंगावणे यांना त्याबद्दल 2021 साली पद्मश्री मिळाली. ही सामग्री दाराशी असताना तिचा खेळ मात्र दुसऱ्या कोणी करावा आणि येथील मुलांनी तो विकत घेऊन खेळावा, असे घडू नये.

याला फार मोठा निधी लागतो असे नाही. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने गंजिफेचा डाव संगणकावर आणण्याचे काम हाती घ्यावे. त्यासाठी तीन माणसे एका टेबलाशी बसवावी लागतील: नियम ठाऊक असलेला जुना खेळाडू, पान रंगविणारा चितारी आणि संगणकशास्त्राचा विद्यार्थी. पहिल्याच दिवशी त्यांना एकमेकांची गरज कळेल. एक्का कोणत्या रंगांत वरचढ, हे खेळाडूने सांगितल्याशिवाय विद्यार्थ्याला ओळ लिहिता येणार नाही. मोबाइलच्या लहान पडद्यावर मत्स्य आणि कूर्म एका दृष्टीत ओळखू यावेत म्हणून चिताऱ्याला हात आखडता घ्यावा लागेल. आणि 'दिवसा राम, रात्री कृष्ण' हा नियम एक खेळाडू मालवणात व दुसरा अमेरिकेत असेल तर कसा लावावयाचा, या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देताना जुन्या खेळाडूलाही नव्याने नियम रचावा लागेल. रचणारा आणि घडविणारा यांच्यातील सीमारेषा कोठे पुसट होते, हे कोणत्याही व्याख्यानापेक्षा या एका प्रश्नात अधिक स्पष्ट दिसेल.

तेव्हा प्रोग्रॅमर मोठा की डिझायनर, याचे उत्तर काळावर आणि कामावर अवलंबून राहील. तंत्र कोवळे असते तेव्हा ते चालविणाऱ्याचा मान मोठा, तंत्र सर्वांच्या हाती आल्यावर त्याचे काय करावे हे सांगणाऱ्याचा मान मोठा. आणि पुरा झालेला खेळ मात्र दोघांपैकी एकालाही वगळून उभा राहत नाही. नव्या धोरणाची आखणी करणाऱ्यांनी म्हणूनच केवळ आज्ञावलीचे किंवा केवळ चित्रांचे वर्ग काढून थांबू नये. आज्ञावली शिकणाऱ्याला खेळाचे नियम मोडून पुन्हा जोडावयास शिकवावे, चित्र शिकणाऱ्याला यंत्राची भाषा निदान वाचता येईल इतकी द्यावी, आणि दोघांचीही नावे व हक्क पहिल्या करारातच लिहून घेण्याची सवय लावावी. यातील कामाची सुरुवात गंजिफेपासून करावयाची असेल तर फार वेळ दवडून चालणार नाही. पान करणारे हात सावंतवाडीत अजून आहेत, आज्ञावली लिहिणारी मुले तर घरोघर आहेत. डाव जाणणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत चालली आहेत.